कालची चूक, शेजारचा गडी

२०१३ सालच्या शेवटच्या दिवशी रायचूर आणि सोलापूर यांच्यामधली ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली, आणि दक्षिण भारताची वीज उरलेल्या देशाच्या विजेबरोबर एका लयीत चालू लागली. तोपर्यंत दोघींची लय वेगळी होती. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला एक केंद्र आहे. तिथे पश्चिमेकडची एसी वीज आधी डीसी करायची आणि त्याच आवारात पुन्हा एसी करून दक्षिणेला द्यायची, अशी सोय केलेली होती. दोन वेगळ्या ठेक्यांच्या मध्ये बसवलेला दुभाषाच तो. सोलापूरच्या वाहिनीला दुभाषा लागला नाही. कोयनेच्या डोंगराच्या पोटातली जनित्रं, चंद्रपूरची कोळशावरची, कुडनकुळमची अणुशक्तीवरची, हिमालयातल्या नद्यांवरची, सगळी सेकंदाला ५० आवर्तनांच्या एकाच तालात आली. आजही आहेत.

हा ताल देतं कोण? माझी बरीच वर्षं अशी समजूत होती की कुठेतरी एक मुख्य घड्याळ असेल आणि बाकी सगळे त्याच्याकडे बघून फिरत असतील. तसं घड्याळ नाही. कोणत्या केंद्राने आज किती वीज काढायची हे भार प्रेषण केंद्रं ठरवतात, ते खरं. पण क्षणाक्षणाचा ठोका कुणी पाठवत नाही. इंदूरमध्ये कुणी पाण्याची मोटर लावली की देशभरातलं प्रत्येक जड चाक, कल्पनाही करता येणार नाही इतकं किंचित, मंदावतं. जनित्राजवळचा गव्हर्नर, म्हणजे गती राखणारा नियामक, फक्त आपल्या चाकाची गती बघतो आणि वाफेची किंवा पाण्याची झडप जराशी उघडतो. इंदूर कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं. तरीही आपल्या विजेची लय बहुतेक वेळ ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यात राहते.

प्रत्येकाला दिसतं फक्त जवळचं, आणि तरी सगळे एका आकड्यावर. हे कसं जमतं याचं एक गणित आहे. त्या गणितात प्रत्येक सदस्याला एजंट म्हणतात. मराठीत एजंट म्हटलं की विमा आठवतो. मला खेळातला ‘गडी’ जास्त जवळचा वाटतो, म्हणून तोच शब्द वापरते.

समजा, अंगणात एक मोठा फणस उतरवून ठेवला आहे. चार गडी गोल बसलेत आणि प्रत्येकाने मनात त्याच्या वजनाचा अंदाज बांधला आहे: ओळीने २०, २४, २८ आणि ४० किलो. अट अशी, की आपला आकडा फक्त डावीकडच्या आणि उजवीकडच्या शेजाऱ्याला सांगायचा. समोरच्याचा आकडा कधीच कळणार नाही. मग प्रत्येकाने दोन्ही शेजाऱ्यांपासून आपण किती दूर आहोत ते पाहायचं, दोन्ही फरकांची बेरीज करायची आणि तिच्या चौथ्या हिश्शाएवढं त्या दिशेला सरकायचं. २० म्हणणाऱ्याचे शेजारी २४ आणि ४०. फरक ४ आणि २०, बेरीज २४, चौथा हिस्सा ६. तो येतो २६वर. पहिल्या फेरीनंतर चौघांचे आकडे होतात २६, २४, ३०, ३२. दुसरीनंतर २७, २६, २९, ३०. तिसरीनंतर २७.५, २७, २८.५, २९. कागद-पेन्सिल घेऊन एकदा करून बघाच. पहिल्या फेरीपासून पुढे प्रत्येकाचं २८पासूनचं अंतर दर वेळी निम्मं होत जातं.

आणि २८ म्हणजे काय? चौघांच्या मूळ अंदाजांची सरासरी. चारही आकडे एकत्र कुणी पाहिले नाहीत, बेरीज कुणी केली नाही, चाराने भागलं कुणी नाही, आणि उत्तर चौघांच्याही हातात येऊन बसलं. कारण शोधायला गेलं तर ते फार सुंदर आहे. दोन शेजारी एकमेकांना सारख्याच जोराने ओढतात, एक जेवढा वर जातो तेवढा दुसरा खाली येतो. त्यामुळे चौघांची मिळून बेरीज, ११२, कुठल्याही फेरीत बदलत नाही. ती बेरीज कुणाजवळच नाही, पण ती सांभाळली जाते आहे.

संख्याशास्त्रज्ञ मॉरिस डीग्रूट यांनी १९७४ साली लोकांचं एकमत होण्याचं गणित याच धर्तीवर मांडलं. त्याच्या एक वर्ष आधी चेक गणिती मिरोस्लाव फीडलर यांनी कुठल्याही जाळ्यासाठी काढता येईल असा एक आकडा दाखवला होता, जो ते जाळं किती घट्ट विणलेलं आहे हे सांगतो. जाळ्याचे दोन तुकडे असतील तर तो शून्य. पुढे कळलं की फणसाभोवती बसलेले गडी किती वेगाने एकमताला येतील हेही तोच आकडा सांगतो. २००३ साली जदबाबाई, लिन आणि मोर्स या तिघांनी सिद्ध केलं की शेजारी सतत बदलत राहिले तरी चालतं. ठरावीक काळाच्या टप्प्यांत सगळे मिळून एकमेकांशी जोडलेले राहिले म्हणजे पुरे.

मला सगळ्यात जास्त थबकायला लावलं ते त्याच्या पुढच्या वर्षीच्या एका निष्कर्षाने. शेजाऱ्याचा आकडा उशिरा पोचला तर काय होईल? गीझरचं गरम पाणी नळापर्यंत यायला वेळ लागतो, तोवर आपण तोटी जास्तच फिरवून ठेवतो, मग चटका बसतो, मग उलटी फिरवतो. तसंच गडीही जुन्या बातमीवर सरकून हेलकावे खाऊ लागतात. ओलफाती-साबेर आणि मरे यांनी किती उशीर चालेल याची नेमकी मर्यादा काढली. शेजारी वाढवत नेले तर, तीच सरकण्याची चाल ठेवून, उशीर सोसण्याची ताकद कमी होते. जास्त जणांचं ऐकल्याने गती वाढते, आणि त्याच वेळी सगळा डोलारा उशिराला हळवा होतो.

मग किती जणांचं ऐकावं? रोममध्ये टर्मिनी स्टेशनजवळच्या पलाझ्झो मास्सिमो या संग्रहालयाच्या गच्चीवर काही भौतिकशास्त्रज्ञ कॅमेरे लावून बसले होते. हिवाळ्यात तिथे मैनेच्या कुळातले हजारो स्टार्लिंग संध्याकाळी आकाशात थव्याने वळसे घेतात. एकाच क्षणी वेगवेगळ्या जागांवरून फोटो घेऊन त्यांनी प्रत्येक पक्ष्याची अवकाशातली जागा काढली. २००८ साली निष्कर्ष आला: प्रत्येक पक्षी जवळच्या सहा-सात पक्ष्यांवर लक्ष ठेवतो. किती मीटरच्या आतले, याला महत्त्व नाही. थवा दाट असो की विरळ, सर्वांत जवळचे सहा-सात. त्यामुळे ससाण्याने झडप घातली आणि थवा फाटल्यासारखा पसरला तरी धागे तुटत नाहीत. या गटातले ज्योर्ज्यो पारिझी यांना पुढे २०२१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते गुंतागुंतीच्या प्रणालींवरच्या त्यांच्या कामासाठी.

आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या भोरड्या या त्याच कुळातल्या. मध्य आशियाकडून येतात, उजनी धरणाच्या पाणथळीवर संध्याकाळी त्यांचा थवा धुरासारखा वळतो, दाटतो, विरतो. रोमची मोजणी त्यांच्या युरोपातल्या भावंडांची आहे, भोरड्यांची नाही. तरी मी तो थवा बघायला जाते तेव्हा एका पक्ष्यावर नजर ठेवून त्याचे सात शेजारी शोधायचा प्रयत्न करते. एकदाही साधलेलं नाही.

इथपर्यंतची गोष्ट शेजाऱ्यांची झाली. खरं नवल याच्या पुढे आहे.

फणसाच्या खेळात एक गोष्ट मी गृहीत धरली होती: ६ने सरकायचं ठरवलं की गडी ६ने सरकतो. मनातला आकडा तसा सरकतो. पण गडी म्हणजे ड्रोन असेल, यंत्रमानव असेल, सौर पॅनेलचा इन्व्हर्टर असेल तर? एकाची मोटर जुनी, दुसऱ्याची बॅटरी उतरलेली, तिसऱ्यावर वारा आडवा. आज्ञा दिली दहाची, घडलं पाचचं. नियंत्रणशास्त्राची परंपरागत वाट अशी, की आधी त्या यंत्राचं समीकरण मांडायचं, वजन, घर्षण, हवेचा विरोध, सगळं मोजून, आणि मग त्यावरून आज्ञा ठरवायची. एका यंत्राचं हे करता येतं. शंभर यंत्रं, प्रत्येक थोडं वेगळं, प्रत्येक दिवसागणिक झिजणारं. कुणाकुणाची समीकरणं मांडत बसणार? तेव्हा काही लोकांनी धिटाईने विचारलं: समीकरणच नको म्हटलं तर? फक्त आपण काय केलं आणि काय घडलं याची नोंद हाताशी ठेवली तर?

जपानमध्ये ओसाका विद्यापीठात सुगुरु आरिमोतो आणि त्यांचे सहकारी कारखान्यातल्या यांत्रिक हातांवर काम करत होते. तो हात एकच हालचाल दिवसभर करतो, आणि पहिल्या वेळी जिथे चुकतो तिथेच हजाराव्या वेळीही चुकतो. १९८४ साली त्यांनी मांडलेली कल्पना एका ओळीत सांगता येते: प्रत्येक क्षणाला किती चुकलो ते लक्षात ठेवायचं, आणि पुढच्या प्रयत्नात त्याच क्षणाच्या आज्ञेत त्या चुकीचा एक हिस्सा मिळवायचा. त्यांच्या मूळ मांडणीत चुकीच्या बदलाचा वेग वापरला होता, गाभा तोच.

छोटा हिशोब करून पाहू. गाठायचं आहे १०. यंत्र आज्ञेच्या निम्मंच करतं, पण हे आपल्याला माहीत नाही. आज्ञा शून्य, फळ शून्य, चूक १०. ती आज्ञेत मिळवली: आज्ञा १०, फळ ५, चूक ५. पुन्हा मिळवली: आज्ञा १५, फळ ७.५, चूक २.५. पुढची चूक १.२५. यंत्र निम्मं करतं हे आपण कधी शोधलंच नाही, तरी पोचलो. फार धीट होऊ नये, एवढंच. यंत्र आज्ञेच्या अडीचपट करणारं असतं तर याच नियमाने चूक दर वेळी दीडपट होऊन उलटसुलट उसळली असती. यंत्राची पट आणि आपण मिळवतो तो हिस्सा यांचा गुणाकार शून्य ते दोनच्या मध्ये राहिला पाहिजे. या साध्या प्रकरणात अट एवढीच.

या पद्धतीतली एक गोष्ट मला अजूनही पूर्ण पचलेली नाही. साधं नियंत्रण नेहमी चुकीच्या मागे धावतं. आधी चूक घडते, मग दुरुस्ती होते. इथे मात्र काल तिसऱ्या सेकंदाला काय बिघडलं होतं हे माहीत असल्यामुळे आज दुसऱ्या सेकंदालाच सावरायला सुरुवात करता येते. काल समेवर उशिरा पोचलो हे तबलजीला आज तिहाई उचलण्याच्या आधीच ठाऊक असतं. घाटातला मुरलेला एसटी ड्रायव्हर वळणाआडचा खड्डा दिसण्याआधी वेग कमी करतो, तसंच. स्मृतीमुळे यंत्राला पुढचं दिसू लागतं.

१९९४च्या सुमाराला चीनमध्ये होउ चोंगशेंग यांनी आणखी एक पाऊल टाकलं. मागच्या वेळी आज्ञा किती बदलली आणि त्याने फळ किती बदललं, या दोन बदलांचं गुणोत्तर प्रत्येक पावलाला ताज्या नोंदींवरून काढत राहायचं. वरच्या उदाहरणात आज्ञा १० वाढवली तेव्हा फळ ५ वाढलं; म्हणजे उरलेले ५ मिळवायला आज्ञा अजून १०ने वाढवू. दुसऱ्याच फेरीत काम झालं. यंत्र झिजलं की गुणोत्तरही आपोआप बदलतं.

आणि २००५ साली यान विलेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रमेय दिलं, ते तर मला चमत्कारासारखं वाटतं. यंत्र रेषीय असेल, म्हणजे आज्ञांची बेरीज केली की फळांचीही बेरीज होत असेल, आणि ते काळाबरोबर बदलत नसेल, तर त्याची एकच नोंद पुरे. मात्र ती घेताना यंत्राला पुरेशा वेगवेगळ्या तऱ्हांनी हलवलेलं असलं पाहिजे. त्या एका नोंदीचे एकेका घराने सरकत जाणारे तुकडे कापायचे. ते यंत्र तेवढ्या लांबीत जे जे काही करू शकेल, ते सगळं या तुकड्यांना कमीजास्त पटीने मिसळून मिळतं. जे कधी करून पाहिलं नाही तेसुद्धा. आत काय आहे हे न उघडता कळतं, फक्त नारळ एकाच जागी टिचकी मारून न बघता सगळीकडून वाजवला पाहिजे.

आता दोन्ही धागे एकत्र आणू: आडवा धागा शेजाऱ्याचा, उभा धागा कालच्या चुकीचा.

तीन गडी रांगेत आहेत. गाठायचा आकडा ८ आहे, पण तो फक्त पहिल्याला दिसतो. दुसऱ्याला दिसतो फक्त पहिला, तिसऱ्याला फक्त दुसरा. तिघांचीही यंत्रं आज्ञेच्या निम्मं करणारी, आणि हे तिघांनाही माहीत नाही. प्रत्येकाचा नियम एक: पुढच्यापासून मागच्या प्रयत्नात जेवढा मागे होतो तेवढं आज्ञेत मिळवायचं. इथे मन अडखळतं. दुसरा ज्याच्याकडे बघून शिकतोय तो पहिला स्वतःच अजून चुकतोय. तिसऱ्याचा गुरू तर चुकणाऱ्याचा शिष्य. चुकांवर चुका चढत जाऊन सगळं विस्कटायला हवं. प्रत्यक्षात, तिघांनीही शून्यापासून सुरुवात केली तर, पहिल्या प्रयत्नात ते ४, ०, ० वर असतात. दुसऱ्यात ६, २, ०. तिसऱ्यात ७, ४, १. चौथ्यात ७.५, ५.५, २.५. बातमी रांगेतून मागे झिरपताना दिसते. दहाव्या प्रयत्नात पहिला आठाला जवळजवळ टेकलेला, दुसरा ७.९१वर आणि तिसरा ७.५६वर.

तिसऱ्या गड्याला कुणीही सांगितलेलं नाही की आकडा ८ आहे. त्याला स्वतःची ताकद माहीत नाही, शेजाऱ्याची माहीत नाही, रांग किती लांब आहे हेही माहीत नाही. समोर एक चुकणारा शेजारी आणि मागे आपलीच कालची चूक, एवढ्या भांडवलावर तो बरोबर ठिकाणाकडे निघालेला असतो. फार धीट न होण्याच्या मघाच्या अटीखेरीज अट एकच, की ज्याला लक्ष्य दिसतं त्याच्यापासून प्रत्येकापर्यंत कुठून ना कुठून वाट असली पाहिजे. शंभर गड्यांच्या विस्कळीत जाळ्यालाही हीच अट.

या गणिताचा एक कोपरा मात्र मला अस्वस्थ करतो. फणसाभोवती बसलेल्या चौघांपैकी एकाने आपला आकडा बदलायचाच नाही असं ठरवलं, तर उरलेले तिघे हळूहळू त्याच्याच आकड्यावर येतात. सरासरी विरून जाते. तो लक्ष्य माहीत असलेला म्होरक्या आहे की खोटं रेटणारा हट्टी, हे समीकरणाला कळत नाही. दोघांसाठी ते एकच आहे. अशा गड्याला ओळखायचं कसं, त्याच्या आकड्याला किती मान द्यायचा, यावर आज खूप काम चालू आहे. मला ते या विषयातलं सर्वांत निकडीचं काम वाटतं.

झुरिकच्या ईटीएच संस्थेत चार पंख्यांचे ड्रोन एखादा अवघड वळसा पुन्हा पुन्हा घेऊन मोजक्या प्रयत्नांत तो सफाईने घ्यायला शिकले. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठात हीच पद्धत पक्षाघाताने हात गेलेल्या माणसांसाठी वापरली गेली. माणूस हात पुढे नेऊन एका सरकत्या बिंदूचा माग घ्यायचा प्रयत्न करतो, स्नायूला विजेचा हलका झटका मदत करतो, आणि मागच्या प्रयत्नातल्या चुकीवरून पुढच्या वेळी मदत किती हे ठरतं. कुठल्या दुखावलेल्या हाताचं समीकरण कोण मांडणार? ते मांडावं लागतच नाही. मदत हवी तेवढीच द्यायची, म्हणजे हाताचा स्वतःचा प्रयत्न वाढत राहतो.

आणि वीज. सौर पॅनेलला जड चाक नसतं. मंदावून इशारा देईल असं त्याच्यात काही फिरत नाही. गावाचं किंवा वसाहतीचं छोटं जाळं फक्त इन्व्हर्टरांवर चालवायचं, तर त्यांनी शेजारच्या दोन-चार इन्व्हर्टरांशी आकडे वाटून घेत लय जुळवावी, अशी मांडणी गेल्या काही वर्षांत झाली आहे. त्यावर संशोधकांनी उभा धागाही गुंफला आहे, कारण दिवस स्वतःच पुन्हा पुन्हा येतो. काल संध्याकाळी सातला वीज किती कमी पडली ही आजच्या सातसाठी शिकवणी असते.

हिवाळ्यात उजनीच्या काठावर थांबलं तर सातच्या आधीची ती वेळ दिसते. भोरड्यांचा थवा शेवटचा एक वळसा घेतो, खाली झुकतो आणि बाभळींत उतरून दिसेनासा होतो. त्यांचा कलकलाट काही वेळ चालू राहतो. मग पलीकडच्या काठावरच्या गावांत एकेक दिवा लागू लागतो, लय केसभर खाली येते, आणि कोयनेच्या डोंगरात, चंद्रपुरात, कुडनकुळमच्या किनाऱ्यावर ते जवळजवळ एकाच क्षणी जाणवतं.